तेल न चालणारी बरणी

हाँगकाँगमधल्या ताय पोच्या बाजारातून मी आणलेल्या पहिल्या पुडीवर इंग्रजीत एवढंच छापलेलं होतं: टिकवलेली भाजी. आत काळपट तपकिरी, मिठाचे कण चिकटलेली, पिळून ठेवलेल्या फडक्यासारखी एक जुडी. वास मात्र छान होता. थोडा गुळाचा, थोडा आमसुलांचा, थोडा उन्हात तापलेल्या गवताचा. वाळवलेली मेथी वरणात टाकतात तशी मी ती चिरून तुरीच्या डाळीत टाकली. पहिल्याच घासाला दाताखाली वाळू करकरली आणि जीभ मिठाने बधिर झाली. पातेलंभर वरण टाकून द्यावं लागलं. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत, त्यामुळे ते फार लागलं.

पुढच्या महिन्यात दुसरी पुडी आणली. इंग्रजी नाव तेच. आत मिरचीच्या लाल भुकटीत लडबडलेले, गाठी-गाठींचे हिरवट गोळे. तिसऱ्यांदा मातीचा बुटका मडकुला घेतला. नाव परत तेच. आत लसणाच्या वासाची, बारीक चिरलेली सोनेरी भाजी. एकाच नावाखाली तीन वस्तू, आणि तिन्हींचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. शेवटी मी तिन्ही घेऊन खाली पो-पोंकडे गेले.

पो-पो म्हणजे आजी. आमच्या घरमालकीणबाईंना सगळी वाडी पो-पो म्हणते. ताय पो हे हाँगकाँगच्या उत्तरेला, न्यू टेरिटरीज भागात. तिथल्या खेड्यांतली घरं बहुतेक एका साच्याची: तीन मजले आणि प्रत्येक मजला सातशे चौरस फुटांचा. आम्ही वरच्या मजल्यावर, त्यामुळे गच्ची आमची. पो-पो तळमजल्यावर. त्या हक्का समाजाच्या. हक्का म्हणजे शब्दशः ‘पाहुणी घराणी’, उत्तरेकडून खाली सरकत आलेले लोक. घरात त्या हक्का बोलतात, बाजारात आणि माझ्याशी कँटोनीज. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा माझं कँटोनीज संध्याकाळच्या वर्गात आठ महिने शिकण्याइतकंच होतं.

त्यांनी तिन्ही वस्तू ओट्यावर ओळीने मांडल्या. पहिल्या काळपट जुडीवर बोट ठेवून म्हणाल्या, “मुई छोय.” गोळ्यांवर: “जा छोय.” मडकुल्यावर: “दुंग छोय.” मग चष्मा लावून पुड्यांवरची चिनी अक्षरं मला एक-एक करून वाचून दाखवली. तिन्ही नावं तिथे ठळक, स्वच्छ, वेगवेगळी छापलेली होती. इंग्रजीत उतरवताना कुणीतरी तिन्हींना एकाच पोत्यात कोंबलं होतं आणि मी ते पोतं वाचत होते.

छोय म्हणजे भाजी. त्याच्या आधीच्या शब्दात सगळी गंमत. ‘जा’ म्हणजे दाबून पिळणं. हे मोहरीच्याच एका जातीचं फुगलेलं खोड. मीठ लावून, दाबून त्यातलं पाणी काढतात आणि मग तिखट-मसाला चोळून मुरवतात. मूळ गाव फूलिंग, आज चुंगचिंगमध्ये येतं, पूर्वी सछ्वानमध्ये होतं. तिथे १८९८ पासून त्याचा धंदा उभा राहिला असं सांगतात. दुंग छोय मात्र मोहरीच नव्हे. थ्येनचिनकडच्या कोबीची, लसूण घातलेली ती भाजी. आणि मुई छोय हा खास इकडचा, दक्षिणेचा, पो-पोंच्या माणसांचा जिन्नस.

“आणि मुई छोय ज्याच्यापासून होते ते हे,” म्हणत त्यांनी टोपलीतून एक हिरवा गड्डा काढला. रुंद, सुरकुतलेली पानं, जाड पन्हाळीसारखे देठ, मधला गाभा मुठीसारखा मिटलेला. नाव गाय छोय. मी हसले, कारण हा शब्द मला कधी विसरायला होणार नव्हता. एक पान तोडून तोंडात टाकलं आणि तो झणका थेट नाकात गेला. तो मी लहानपणापासून ओळखत होते. वेंगुर्ल्याला आई लोणच्यासाठी मोहरी फेसायची तेव्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की डोळ्यांना पाणी यायचं, तोच हा. गाय छोय म्हणजे मोहरीचंच झाड. आपण ज्याचं बी फोडणीत टाकतो, पंजाबी माणूस ज्याच्या पानांचं साग करतो, त्याच जातीचं. चिनी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून त्याचं कुठे पान वाढवलं, कुठे देठ, कुठे खोड. आपण बियांपाशी थांबलो.

त्या दिवशी मी ठरवलं की हे नीट शिकायचं, शब्दांसकट.

शब्दांनीच जास्त वेळ खाल्ला. कँटोनीजमध्ये सहा सूर आहेत आणि सूर चुकला की अर्थ बदलतो. ‘गाय’ मधल्या सुरात सरळ म्हटलं तर मोहरी. तेच वरच्या सुरात म्हटलं तर रस्ता, म्हणून बाजाराला ‘गाय सी’ म्हणतात. स्वर आखूड करून ‘गय’ म्हटलं की कोंबडी. मुई छोयचं तर आणखी अवघड. पो-पो मला ‘आ-मुई’ म्हणायच्या, म्हणजे पोरी, बाळ. तो ‘मुई’ वरच्या सुरात, सरळ. भाजीतला ‘मुई’ खालून आणखी खाली उतरत जातो. मी महिनाभर बाजारात वरच्या सुरात ‘मुई छोय’ मागत होते, म्हणजे ‘पोरीची भाजी’. दुकानदार समजून घ्यायचा. पो-पोंनी मला हा सूर शिकवला तो असा: खूप दमून घरी आल्यावर पिशवी जमिनीवर टेकवताना जसा श्वास सोडतो, तसा तो ‘मुई’ सोडायचा. त्यानंतर तो चुकला नाही.

या ‘मुई’चा अर्थ काय, यावर पो-पोंच्या ओट्यावर मी दोन मतं ऐकली. लिहितात ते अक्षर आलुबुखाराच्या जातीच्या एका फळाचं. पण ‘बुरसणं, दमट होणं’ यालाही अगदी त्याच सुरातला ‘मुई’ आहे, आणि शेजारच्या एका काकांचं ठाम म्हणणं की नाव तिथूनच आलं, नंतर कुणीतरी चांगलं दिसावं म्हणून फळाचं अक्षर लावलं. ह्वेजौ गावाकडे, जिथली मुई छोय सर्वांत नावाजलेली, तिथे तिसरीच गोष्ट सांगतात: मुई नावाच्या एका परीने गरिबांना बी दिलं. पो-पोंचं माहेर त्याच बाजूचं, म्हणून त्यांचा कौल परीला.

खारट, आंबट, गोड हे शब्द जेवणाबाहेर कुठे-कुठे जातात, हे पाहण्यात मला फार आनंद मिळाला. ‘हाम’ म्हणजे खारट. ‘हाम साप’, शब्दशः ‘खारट-ओलं’, म्हणजे चावट, वाईट नजरेचा. आपल्याकडे हेच काम आंबट करतं: आंबटशौकीन. तिकडे आंबटाचं काम वेगळं. व्हिनेगर चाखणं म्हणजे मत्सर वाटणं, तोही विशेषतः प्रेमातला. चुरगळलेल्या कपड्यांना मुई छोयची उपमा देतात. मी एकदा सुती कुडता दोरीवरून काढून तसाच घालून खाली गेले तर पो-पो म्हणाल्या, “आ-मुई, मुई छोय होऊन कुठे चाललीस?” आणि सगळ्यांत लाडका शब्द ‘सुंग’. भाताबरोबर जे काही खायचं, मासा असो, भाजी असो, अंडं असो, ते सुंग. बाजारात जाण्याला ‘सुंग विकत घ्यायला जाणं’ म्हणतात. हा शब्द ‘सोबत करणं, पोचवायला जाणं’ या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला आहे. सुंग भाताला पोटापर्यंत पोचवायला जातं. आपलं ‘तोंडी लावणं’ याच्या इतकं जवळ आहे की मला कोशात बघावंच लागलं नाही.

डिसेंबर लागला तसा पो-पो म्हणाल्या, आता करू. थंडीतच गाय छोयचा मोसम असतो आणि उत्तरेचा कोरडा वारा तेव्हाच वाहतो. मार्च-एप्रिलमध्ये इथे भिंतींना पाणी सुटतं, तेव्हा वाळवण्याचं नाव काढू नये. आम्ही सकाळी फू शिन स्ट्रीटला गेलो. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, मध्येच मान मो देऊळ, धुपाचा आणि सुक्या मासळीचा वास एकमेकांत मिसळलेला. वेंगुर्ल्याच्या बाजाराची आठवण व्हावी असा. दहा गन पानं घेतली. गन म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅम, आणि एका गनाचे सोळा लेउंग. आपल्या जुन्या शेराचे सोळा छटाक, तसंच. निम्मी बरणीसाठी, निम्मी मुई छोयसाठी.

बरणीतल्याचं नाव ‘हाम स्यून छोय’, खारी-आंबट भाजी. पहिली बरणी माझ्या हातची, पो-पोंनी फक्त सांगायचं असं ठरलं. पानं धुतली, गच्चीवर दोरीवर उलटी टांगली आणि दिवसभर ऊन दिलं. संध्याकाळपर्यंत कडक देठ वाकवले तरी मोडेनात इतके लवचिक झाले. मग परातीत मीठ चोळणं. पाच गन पानांना साधारण दीडशे ग्रॅम मीठ. चोळता चोळता पानं गडद होतात, पाणी सोडतात आणि पुन्हा तो झणका उठतो. मोहरी कुटली किंवा चोळली की तिच्या पेशी फुटतात, आत वेगवेगळी कोंडलेली द्रव्यं एकत्र येतात आणि त्यातून तिखटपणा जन्मतो. अख्खी मोहरी चावल्याशिवाय तिखट लागत नाही ते यामुळेच.

पानं बरणीत दाबली, वरून मिठाचं पाणी घातलं, दगड ठेवला. आणि तिथे माझ्या हाताने सवयीचं काम केलं. लोणच्यावर तेलाचा थर हवा, तेल वर आलं की लोणचं वाचलं, हे आमच्या घरचं पहिलं शास्त्र. मी दोन पळ्या तेल वरून सोडलं आणि पो-पोंना सांगितलंसुद्धा नाही, इतकं ते मला उघड वाटलं.

आठव्या दिवशी झाकण उघडलं तर वर पांढरट जाडसर साय, खाली बुळबुळीत पानं आणि वास आंबट नव्हे, कुजका. पो-पोंनी बरणीत डोकावलं, बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं आणि विचारलं, “तेल?” मी हो म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. बरणी उचलून मागच्या बागेत खड्ड्यात रिकामी केली, मग मला खुर्ची दिली.

त्यांनी जे सांगितलं ते माझ्यासाठी उलटं जग होतं. या बरणीला दोन शत्रू: तेल आणि कच्चं पाणी. कच्चं म्हणजे न उकळलेलं. चमचा, परात, हात, कशालाही तेलाचा अंश नको. त्यांच्या स्वयंपाकघरात या कामाची परातच वेगळी आहे आणि ती आमटी-भाजीच्या भांड्यांत कधी जात नाही. आपल्या कैरीच्या लोणच्यात पाणी शत्रू, तेल राखणदार. इथे पाणी हेच घर. त्या खाऱ्या पाण्यात पानं बुडालेली असतील तोवर पानांवरचेच आंबवणारे जीवाणू वाढतात, आंबटपणा तयार करतात आणि तो आंबटपणा बाकीच्या जीवाणूंना आत येऊ देत नाही. पो-पोंनी अर्थात जीवाणू म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, “भाजी स्वतःच्या पाण्यात स्वतःला सांभाळते, तू मध्ये पडू नकोस.”

दुसऱ्या बरणीच्या वेळी त्या शेजारी बसल्या. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात पालथी घातली. तांदळाचं धुवण उकळून, मीठ घालून, पूर्ण गार केलं. त्यातला पिठूळपणा आंबण्याला चालना देतो. देठ खाली, पानं वर, मधे हवेला जागा नको म्हणून मुठीने दाबत भरलं. दगड त्यांच्या सासूचा, नदीतला, गुळगुळीत. बरणीखाली ताटली, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी फसफसून वर येतं. आलंच. हिरवा रंग आधी विझल्यासारखा झाला, मग दोन आठवड्यांत पिवळट, मुरलेल्या कैरीच्या फोडीसारखा.

मला दहाव्या दिवशी चाखायचं होतं. पो-पोंनी झाकणावर हात ठेवला. एकवीस दिवस पुरे झाल्याशिवाय नाही. यामागे नुसता हट्ट नाही. आंबण्याच्या सुरुवातीच्या काळात पानांतल्या नायट्रेटचं नायट्राइट होतं, त्याचं प्रमाण आधी चढतं आणि मग उतरतं. थांबणं म्हणजे ते उतरू देणं. याच जिन्नसाबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये चिनी पद्धतीची खारवलेली मासळी थेट पहिल्या गटात घातली, म्हणजे कर्करोगाचं सिद्ध कारण, आणि पारंपरिक आशियाई पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्या ‘शक्यता आहे’ या गटात. पो-पोंच्या ताटात ही भाजी रोज नसते, आणि असते तेव्हा दोन चमचे. सुंग आहे ते, पोट भरायचा जिन्नस नव्हे.

एकविसाव्या दिवशी देठाचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. कुरकुरीत, खारट, मग आंबट, आणि शेवटी अगदी मागे तो मोहरीचा झणका, दमलेला पण जिवंत. पो-पो म्हणाल्या, “याप मेई.” चव आत शिरली. मी त्यांना आपला शब्द सांगितला: मुरलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिला. त्यांच्या तोंडी ‘र’ यायला वेळ लागतो, पण ‘मु’ मात्र अगदी मुई छोयच्या सुरात उतरला.

या भाजीने मला पहिल्यांदा घरच्यासारखं जेवण दिलं, तेही माशामुळे. बाजारात ‘मुन सिन’ म्हणून एक लांबलचक, दातेरी तोंडाचा मासा असतो. तो पाहून मी जागच्या जागी थांबले होते, कारण ती आमची वाम होती, निदान तिची सख्खी बहीण तरी. इथे वामीचे जाड तुकडे आलं घालून परततात, त्यात टोफू आणि चिरून, पाण्यात भिजवून खारटपणा उतरवलेली हाम स्यून छोय घालतात आणि मातीच्या भांड्यात रटरटवतात. वामीला चरबी फार. तिला कापायला आंबट लागतं. आमच्याकडे ते काम सोलं करतात, इथे आंबलेली मोहरी करते. पहिला घोट घेतला तेव्हा तिरफळं नाहीत हे जाणवलं, बाकी काही नाही. बाजारातले लोक हीच भाजी गोमांसाबरोबर, डुकराच्या पोटाबरोबर मिरी घालून करतात. न्याहारीला चा चान तेंगमध्ये, म्हणजे इथल्या साध्या चहा-उपाहारगृहात, शेवयांच्या सूपवर जी बारीक हिरवी भाजी येते ती तिची उत्तरेकडची बहीण, स्युत छोय, बर्फातली भाजी. तिचं प्रस्थ मूळचं शांघायकडचं.

आता गच्चीवरची निम्मी पानं. मुई छोय ही त्याच झाडाची वेगळी वाट आहे: बरणीत थांबायचं नाही, उन्हात जायचं. पानं दोन दिवस सुकवली, मीठ लावून मडक्यात दगडाखाली चार दिवस दाबली, बाहेर काढून पिळली आणि बांबूवर टांगली. रोज सकाळी वर न्यायची, दव पडायच्या आत खाली आणायची. पो-पो एवढ्यावर थांबतात ती एक तऱ्हा. पण त्यांच्याकडे एक जुनं मडकंही आहे. त्यातली पानं त्यांनी तीनदा वाफवून तीनदा उन्हात घातलेली, शाईसारखी काळी. ते उघडलं तेव्हा मला आजोळचं अंगण आठवलं. आजी आमसुलं करायची ती अशीच: सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, काळी होईपर्यंत. दोन म्हाताऱ्या बाया, एकमेकींचं नावही माहीत नाही, आणि उन्हाशी दोघींचं बोलणं एकच.

पाच गन पानांची शेवटी वाळून अर्ध्या गनाहून थोडी जास्त भाजी झाली. केवळ पाणी गेलं. त्या मुठीएवढ्या जुडीकडे बघून पुडीतली भाजी का खारट होती आणि ती वरणात अख्खी का टाकायची नाही, हे मला न सांगता कळलं. वापरायची रीत अशी: पान अन् पान सुटं करून धुवायचं, कारण देठाच्या खोबणीत माती अडकलेली असते. पाणी तीन-चारदा बदलायचं. मग भिजवायचं आणि मधून मधून चाखत राहायचं. किती वेळ, ते भाजीवर अवलंबून. दुकानात खारी आणि गोड अशा दोन तऱ्हा मिळतात, गोडीला कमी वेळ पुरतो. घट्ट पिळून, बारीक चिरून कोरड्या कढईत पाणी आटेपर्यंत परतायची, चिमूटभर साखर घालायची. या कोरड्या परतण्याने तो गुळाचा वास उघडतो. हे वगळलं तर भाजी ओलसर आणि मुकी राहते.

मुई छोयचं सगळ्यात प्रसिद्ध पक्वान्न डुकराचं. ‘कौ’ म्हणजे पालथं घालणं. मांसाचे रुंद काप वाडग्यात कातडीकडून लावायचे, वर मुई छोय भरायची, दोन तास वाफवायचं आणि ताटात वाडगा पालथा घालायचा. पालथं घालण्याच्या क्षणी पो-पोंचं सगळं घर गप्प होतं. कवी सू तुंगपो १०९४ मध्ये ह्वेजौला हद्दपार होऊन आला होता आणि हे पक्वान्न त्यानेच तिथे घडवलं, अशी दंतकथा पो-पो सांगतात. हद्दपारी खरी, बाकीचं ज्याने-त्याने मानावं. आमच्याकडे डुक्कर खात नाहीत, हे मी त्यांना पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं, जरा घाबरतच, कारण चिनी नववर्षाच्या जेवणाचं आमंत्रण नाकारल्यासारखं होईल असं वाटत होतं. त्या फक्त “बरं” म्हणाल्या. नववर्षाच्या ताटात माझ्यासाठी वेगळी वाफवलेली छोय सम होती, मोहरीच्याच कुळातली कोवळी भाजी, वर मुई छोयचा काळा थर. हिरव्यावर काळं. त्या दिवशी मी तीन वाट्या भात खाल्ला.

पो-पो गाय छोयचे दोन गड्डे दरवर्षी बागेत न कापता ठेवतात, बियांसाठी. फेब्रुवारीअखेर त्यांच्या मधून उंच दांडा निघाला, पिवळी फुलं आली, मग बारीक शेंगा. शेंगा वाळल्यावर त्यांनी कापडावर झोडल्या, निम्मं बी पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवलं आणि उरलेलं कागदाच्या पुडीत बांधून मला दिलं. पेरायला. पुडी उघडली तर आत मोहरी. वेंगुर्ल्याहून आईने बांधून दिलेल्या डब्यातली शेजारी ठेवली तर कुठली कोणती ते सांगता येईना, फक्त पो-पोंची दाण्याला किंचित लहान.

मी त्यातली चमचाभर पेरणीतून वळवली. दुसऱ्या बरणीतली शेवटची हाम स्यून छोय बारीक चिरली, भिजवून पिळली. छोट्या कढल्यात तेल तापवलं, पो-पोंचं बी टाकलं, ते तडतडल्यावर हिंग, हळद, दोन सुक्या मिरच्या, आणि ती फोडणी चरचरत भाजीवर ओतली. वाडगा घेऊन खाली गेले. तेल बघून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बरणीत नाही, पो-पो. ताटात.” त्यांनी चॉपस्टिकने एक तडकलेला दाणा उचलला, उजेडात धरला, चावला. मग आत जाऊन भाताचा कुकर उघडला आणि दोन वाट्या घेऊन आल्या.